उताऱ्यात चढलेलं पाणी

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात ड्राफ्टसाहेबांच्या इंग्रजीबद्दल कधी वाद झाला नाही, कारण वाद घालण्यापुरतं इंग्रजी तिथे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. व्हॉल्व्ह गंजो, पाइप फुटो की वरची कचेरी खुलासा मागवो, पत्र लिहायची वेळ आली की सगळे त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहत. मग ते चष्मा कपाळावर सरकवून छताकडे बघत. 'विथ रेफरन्स टु द अबव्ह'पासून निघालेलं वाक्य पानभर फिरवून 'काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज'पाशी असं काही आणून सोडत, की वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळलं नाही तरी आपलं काहीतरी चुकलंय एवढं नक्की कळे. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात आणि आईच्या रागात शिल्लक होतं.

त्यामुळे त्यांच्या बायकोला परदेशातल्या इस्पितळात नोकरी लागली, आणि सोबत जाणाऱ्या नवऱ्यालाही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते असं कळलं, तेव्हा बिल्डिंगमध्ये कोणाला काळजी वाटली नाही. त्यांची बायको नर्स. सगळी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणे. ड्राफ्टसाहेब एकटेच, समजण्यासारख्या कारणाने, तेवढं टाळत. सिस्टरनी स्वतःची परीक्षा ड्युटी सांभाळून, कोणाला पत्ता लागू न देता, केव्हाच उरकली होती.

"तुमचे दोनच पेपर आहेत. व्याकरण आणि वाचन," सिस्टर कॉम्प्युटरसमोर बसून अर्ज भरता भरता म्हणाल्या. "तुमचं नाव मी डिपेंडंटमध्ये टाकलंय."

ड्राफ्टसाहेब दाढी करत होते. "डिपेंडंट म्हणजे?"

"म्हणजे माझ्यावर अवलंबून असलेला."

हनुवटीला जे कापलं, त्याची खूण पुढे बरेच दिवस राहिली.

"साहेबांची परीक्षा घेणार कोण?" तळमजल्यावरचे केमिस्ट म्हणाले. "पेपर तपासणाऱ्यालाच घाम फुटेल." ड्राफ्टसाहेब विनयाने हसले, आणि केवळ परीक्षेची पद्धत समजून घ्यावी म्हणून जवळच्या क्लासमध्ये एक सराव परीक्षा देऊन आले. क्लासच्या मॅडम वयाने त्यांच्या पुतणीएवढ्या. त्यांनी पेपर हातात दिला. वर लिहिलं होतं, नऊ.

"नऊ चुका?" ड्राफ्टसाहेबांना हे जरा जास्तच वाटलं. "घाईत झालं असेल."

"नाही सर," मॅडम हळूच म्हणाल्या. "चाळीसपैकी नऊ बरोबर."

ड्राफ्टसाहेबांनी पेपर उलटून मागची बाजूही बघितली.

मग एकेक चूक निघाली. 'रिव्हर्ट बॅक'मधलं बॅक नको होतं. 'द सेम' जिथे तिथे नको होतं. 'ऑब्लाइज' तर कुठेच नको होतं. ड्राफ्टसाहेब म्हणाले, "मॅडम, याच इंग्रजीवर आम्ही पाण्याच्या टाक्या उभ्या केल्यात."

"टाक्यांना व्याकरण लागत नाही, सर."

खरा खटका उडाला तो मात्र 'इफ आय वेअर यू'वर. ड्राफ्टसाहेबांनी 'वॉज'वर खूण केली होती आणि ते हटायला तयार नव्हते.

"मी एकटा माणूस. एकट्या माणसाला वेअर कसं लागेल?"

"ते खरं नाहीये ना, सर. नुसती कल्पना आहे. म्हणून."

"म्हणजे कल्पनेत माणूस अनेकवचनी होतो?"

मॅडमनी विचार केला. "तसंच समजा."

घरी येईपर्यंत ड्राफ्टसाहेबांनी याचा अर्थ लावून टाकला. इंग्रज माणूस एरवी स्वतःला अरेतुरे करतो; कल्पनेत मात्र आदरार्थी बोलतो. हा नियम त्यांना इतका पटला, की त्या एका प्रश्नात पुढे त्यांची कधीही चूक झाली नाही. बाकीचे एकोणचाळीस होते तिथेच राहिले.

नऊचा आकडा त्यांनी कोणालाही सांगितला नाही. अर्थात दुसऱ्या दिवशी सकाळी केमिस्ट घरी हजर. "नऊ म्हणजे अशक्तपणा आहे," ते म्हणाले. "तुम्ही रोज दोन उतारे घ्या. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. उपाशीपोटी इंग्रजी वाचायचं नाही, पित्त होतं. आणि 'द'चं म्हणाल तर तो मिठासारखा आहे. शंका आली की थोडा टाकायचा."

समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिकांना हे मंजूर नव्हतं. त्यांच्या मते भाषा घरात मुरावी लागते. "आजपासून या घरात फक्त इंग्रजी," त्यांनी परक्या घराच्या दारात उभं राहून जाहीर केलं. सिस्टर ड्युटीवर होत्या, ड्राफ्टसाहेब भिडस्त होते, आणि ड्राफ्टसाहेबांच्या आईंना ऐकायला कमी येत असे. त्यामुळे ठराव एकमताने पास झाला.

आई आता धाकट्या मुलाकडे राहायला जाणार होत्या, आणि त्या दिवसाची त्या उघड उघड वाट पाहत होत्या. तरी जाता जाता मुलाला मदत होत असेल तर त्या मागे हटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी केमिस्टचा सल्ला आणि मुख्याध्यापिकांचा हुकूम एकत्र केला. "द दूध उतू चाललंय! द गॅस बंद कर!" त्या स्वयंपाकघरातून ओरडत. "आणि द टॉवेल द बादलीत कोणी टाकला?" ड्राफ्टसाहेब पळत जात, पण दूध आधीच ओट्यावरून खाली आलेलं असे, कारण मधे क्षणभर ते 'दूध मोजता येत नाही, तेव्हा द लागेल का' या विचारात उभे राहिलेले असत.

व्याकरण हे असं उतू जात असताना वाचनाचं दुखणं वेगळंच निघालं. ड्राफ्टसाहेबांना कोणताही उतारा मत बनवल्याशिवाय वाचता येत नसे. क्लासमध्ये एक उतारा होता दीपगृह सांभाळणाऱ्या विधवा बाईचा. ती काचा कशा पुसायची, दिव्यात तेल कसं घालायची, सगळं तपशिलात. खाली प्रश्न: ती बाई आपल्या कामात सुखी होती. पर्याय तीन: बरोबर, चूक, नॉट गिव्हन.

"चूक," ड्राफ्टसाहेब ठामपणे म्हणाले. "एकटी बाई. चहूकडे समुद्र. बोलायला चिटपाखरू नाही. सुखी कसली?"

"सर, तसं उताऱ्यात कुठे लिहिलंय? उत्तर नॉट गिव्हन. उल्लेख नाही."

"उल्लेख नाही म्हणून बाईला दुःख नाही?"

"असेल, सर. पण आपल्याला माहीत नाही. उताऱ्यात आहे तेवढंच जग. तुमच्या डोक्यातलं बाहेर ठेवून यायचं, चपलांसारखं."

हे वाक्य ड्राफ्टसाहेबांना लागलं. आणि मग नको तितकं लागू पडलं. जगातल्या बहुतेक गोष्टींचा उल्लेख कुठेच केलेला नसतो हे एकदा ध्यानात आल्यावर त्यांना जिकडे तिकडे तेच दिसू लागलं. कचेरीत लोक विचारत, "साहेब, आमच्या गल्लीत उद्या तरी पाणी येईल का?" ड्राफ्टसाहेब शांतपणे सांगत, "उपलब्ध मजकुरावरून सांगता येत नाही." कचेरीत हा बदल कोणाच्या लक्षातसुद्धा आला नाही. उलट, उत्तरं हल्ली मुद्देसूद असतात म्हणून वरिष्ठांनी त्यांचं कौतुक केलं.

घरात मात्र लक्षात आला. "आमटीत मीठ बरोबर आहे का?" याला "उल्लेख नाही" हे उत्तर सिस्टरनी एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी त्या विमानाच्या तिकिटाचं विचारायला म्हणून त्यांच्यासमोर बसल्या. सिस्टरची नोकरीवर हजर व्हायची तारीख ठरली होती. ड्राफ्टसाहेब या परीक्षेत नापास झाले, तर पुढची परीक्षा, पुढचा अर्ज आणि पुढची मंजुरी येईपर्यंत सिस्टरना एकटीलाच तिथे राहावं लागणार होतं.

"एक खरं सांगा," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय ना?"

ड्राफ्टसाहेब पेंग्विनांच्या उताऱ्यात गळ्यापर्यंत बुडाले होते. त्यांनी मान वर न करता, बोट ओळीवर ठेवून सांगितलं, "उल्लेख नाही."

मान वर केली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती.

त्यांनी खूप सारवासारव केली. ते उत्तर पेंग्विनांना होतं असंही सांगून पाहिलं, त्याने प्रकरण आणखी चिघळलं. सिस्टर एक शब्द बोलेनात. जेवायला वाढत, कपडे घडी करून ठेवत, आणि इस्पितळात एखाद्या तापट पेशंटकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघून निघून जात. घरात आता बोलणं काय ते आईंच्या 'द'पुरतं उरलं.

नवराबायकोचं बिनसलंय हे मुख्याध्यापिकांनी जिन्यातूनच ओळखलं. पण त्यावर उपाय सांगण्याऐवजी त्यांनी परीक्षेवर सांगितला. "तुम्ही वाचताना पुटपुटता. मला भिंतीतून ऐकू येतं. ओठ हलले की वेग मंदावतो. दातात पेन्सिल धरा आणि वाचा."

परीक्षेच्या आदल्या दिवशी ड्राफ्टसाहेब दातात पेन्सिल आडवी धरून वाचायला बसले. उतारा बुडणाऱ्या जहाजाचा होता. खलाशी होड्यांत उतरले, कप्तान एकटाच मागे राहिला, पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं, आणि कडकन आवाज झाला. ड्राफ्टसाहेबांना वाटलं पेन्सिल मोडली. पेन्सिल शाबूत होती.

दातांचे डॉक्टर चौकातच होते. त्यांनी दिवा तोंडात रोखला आणि विचारलं, "पेन्सिल? का?" सोबत आलेल्या केमिस्टनी सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांचे डोळे चमकले. "अरे वा! मी ही परीक्षा तीन वेळा दिलीय. तिन्ही वेळा व्याकरणात गेलो. आता बघा, मी तुमची तयारी करून घेतो. 'नायदर ऑफ देम'. पुढे इज की आर?"

"आ," ड्राफ्टसाहेब म्हणाले. तोंडात दोन नळ्या आणि एक आरसा होता.

"आर? चूक! मीसुद्धा हेच लिहिलं होतं." डॉक्टरांनी हळहळत ड्रिल आणखी खोल घातलं. "पुढचा. 'इच ऑफ द बॉईज'. हॅज की हॅव?"

"आ!"

"हॅव? साहेब, तुमचं कठीण आहे."

ड्राफ्टसाहेबांना म्हणायचं होतं की ते दुखतंय. पण एका मोडक्या दाताच्या बदल्यात डॉक्टरांनी त्यांचं पूर्ण व्याकरण तपासलं, आणि त्यात ते सपशेल नापास झाले. निघताना डॉक्टर म्हणाले, "सूज येईल थोडी."

थोडी म्हणजे किती, याचा उल्लेख नव्हता. सकाळी आरशात ड्राफ्टसाहेबांचा डावा गाल ड्राफ्टसाहेबांच्या बराच पुढे निघून गेला होता. सिस्टरनी न बोलता ताप बघितला, न बोलता गोळी दिली, आणि न बोलता ड्युटीला गेल्या.

परीक्षा केंद्रात ओळख तपासणीच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिने ओळखपत्र पाहिलं, गालाकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं.

"फोटोतले गृहस्थ तुम्हीच आहात का?"

ड्राफ्टसाहेब परीक्षेच्या तंद्रीत होते. प्रश्न आला तसं उत्तर गेलं. "शांगता येत नाही."

मुलीने सुपरवायझरना बोलावलं. सुपरवायझरनी फोटो गालाशेजारी धरला. "हसा," ते म्हणाले. ड्राफ्टसाहेब हसले, निम्मेच हसले, बाकीच्या निम्म्याला काही कळवलंच गेलं नाही. सुपरवायझरनी डावी बाजू हाताने झाकली, मग उजवी झाकली. "उजवी बाजू जुळते," ते म्हणाले. "उजव्या बाजूला आत सोडायला माझी हरकत नाही. डाव्या बाजूचं हमीपत्र लागेल. इंग्रजीत."

आयुष्यातलं सगळं अपमानास्पद एका महिन्यात भोगून झालेल्या त्या माणसाने तेव्हा चष्मा कपाळावर सरकवला, छताकडे पाहिलं आणि पेन उचललं. 'विथ रेफरन्स टु द अबव्ह चीक, आय द अंडरसाइन्ड डू हिअरबाय स्टेट दॅट द सेम इज माइन ओन्ली, अँड शॅल रिव्हर्ट बॅक टु इट्स ओरिजिनल पोझिशन इन ड्यू कोर्स. काइंडली ॲडमिट द सेम अँड ऑब्लाइज.' सुपरवायझरनी ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं. मग ते घाईघाईने बाजूला झाले आणि म्हणाले, "या, या साहेब. बसा ना."

व्याकरणाचा पेपर बरा गेला. निदान कोणी ड्रिल लावलं नाही. वाचनातले पहिले दोन उतारे ड्राफ्टसाहेबांनी चपला बाहेर काढून वाचले. आणि तिसरा उतारा पडद्यावर आला.

तो एका जुन्या, डोंगरमाथ्यावर वसलेल्या गावाविषयी होता. गावाची तटबंदी, गावाचे दगडी रस्ते, आणि गावाचं पाणी. झरा खाली दरीत होता. लिहिणाऱ्याने मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं की गावकऱ्यांनी दरीतल्या झऱ्यापासून माथ्यावरच्या घरांपर्यंत उघडा दगडी पाट बांधला, आणि त्या पाटातून पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, खळखळत, वर चढत असे.

ड्राफ्टसाहेबांनी ते पुन्हा वाचलं. मग ओठ हलवून वाचलं. प्रश्न होता: दरीतलं पाणी यंत्राशिवाय माथ्यावर पोचत होतं.

बावीस वर्षं. बावीस वर्षं हा माणूस एका टेबलामागे बसून एकच सत्य सांगत आला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बायका रिकाम्या बादल्या त्याच्या टेबलावर आपटून गेल्या, एका पैलवानाने त्याची कॉलर धरली, एका वकिलाने नोटीस बजावली, आणि प्रत्येकाला त्याने सांगितलं होतं, "बाबांनो, पाणी आपणहून वर चढत नाही." त्या एका वाक्यावर त्याचा संसार उभा होता.

त्यांनी हात वर केला. सुपरवायझर धावत आले. "या उताऱ्याबद्दल तक्रार कुठे करायची?"

"परीक्षा संपल्यावर, साहेब," सुपरवायझर कुजबुजले. "पण तुम्ही लेखी देऊ नका. मी तोंडी सांगतो त्यांना."

ड्राफ्टसाहेबांनी 'चूक'वर बाण नेला. मॅडमचा आवाज आठवला: उताऱ्यात आहे तेवढंच जग. त्यांनी बाण 'नॉट गिव्हन'वर नेला. पण उल्लेख तर ढळढळीत होता, खळखळाटासकट होता. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळत होतं. आणि मग, का कोण जाणे, त्यांना ती रिकामी खुर्ची आठवली. त्यांनी डोळे मिटले, 'बरोबर'वर बोट दाबलं, आणि दरीतलं पाणी स्वतःच्या हाताने डोंगरावर चढवलं.

बाहेर आले तर फाटकापाशी सिस्टर उभ्या होत्या. ड्युटीवरून थेट, गणवेशातच. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी बघून त्या अबोला विसरल्या.

"दुखतंय का हो खूप?"

"दात नाही," ड्राफ्टसाहेब म्हणाले. "अगं, मी पाणी चढवलं."

"काय चढवलं?"

त्यांनी सगळं सांगितलं. दरी, झरा, उघडा पाट. ऐकता ऐकता सिस्टर फाटकाच्या कट्ट्यावर बसल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांची टोपी निसटून गटाराच्या कडेला गेली. ड्राफ्टसाहेब गंभीर चेहऱ्याने ती उचलायला गेले. निदान तो चेहरा गंभीर असावा. सुजेमुळे नक्की सांगता येत नव्हतं. टोपी झटकून त्यांनी परत दिली तेव्हा सिस्टरांचं हसू थांबलं होतं.

"बावीस वर्षांत तुम्ही कोणासाठी हे केलं नव्हतंत," त्या म्हणाल्या.

"आमदारासाठीसुद्धा नाही केलं."

निकाल लागला. ड्राफ्टसाहेब दोन्हीत पास झाले होते. अगदी काठावर, पाय ओले करून. सगळी बिल्डिंग घरात आली. केमिस्ट म्हणाले, "डोस लागू पडला." मुख्याध्यापिका म्हणाल्या, पेन्सिलीचा गुण. दातांचे डॉक्टर चौथ्यांदा अर्ज भरणार होते, ते हमीपत्राचा नमुना मागायला आले. सुपरवायझरांनी त्याची प्रत भिंतीवर लावली आहे अशी बातमीही त्यांनीच आणली. आईंनी "द मुलगा द पास झाला" म्हणत सगळ्यांना चहा दिला.

गर्दी ओसरल्यावर सिस्टर आतल्या खोलीत गेल्या. पलंगाशेजारी नवी कोरी सुटकेस उघडी होती, आणि पलंगाच्या काठावर ड्राफ्टसाहेब नापास झाल्यासारखे बसले होते.

"आता काय झालं?"

"अगं, जन्मभर मी कचेरीत भांडलो, बाजारात भांडलो, वरिष्ठांशी भांडलो. सगळं आपल्या भाषेत. त्या इंग्रजीत मला फार तर विनंती करता येते." ते सुटकेसच्या चेनशी चाळा करत राहिले. "तिथे मी कोणाशी भांडू?"

सिस्टरनी कपाटातून त्यांचे शर्ट काढले आणि सुटकेसमध्ये एकावर एक ठेवायला सुरुवात केली.

ड्राफ्टसाहेबांनी सुटकेसमध्ये डोकावलं. मग म्हणाले, "शर्ट तळाला नाही ठेवायचे. चुरगळतात."

"मग काय तळाला ठेवायचं?"

"जड वस्तू. बूट."

"बूट? कपड्यांच्या खाली बूट?"

"पिशवीत घालून, अर्थातच! तुला एवढं साधं..."

"साधं? तुमच्या माहेरच्या, म्हणजे माझ्या सासरच्या माणसांनी आजपर्यंत एक बॅग तरी धड भरलीय का?"

"माझ्या आईला मधे आणू नकोस!"

"आईंचं नाव मी घेतलंच नाही, तुम्ही घेतलंत!"

आवाज इतका चढला की समोरचं दार उघडलं, आणि मुख्याध्यापिका सल्ला द्यायला म्हणून उंबऱ्यापर्यंत आल्या. तेव्हा ती दोघं एकदमच उठली. एकाने कडी धरली, एकाने दार लोटलं. आणि दार नीट लागलंय याची खात्री करून, दोघंही पुन्हा सुटकेसपाशी येऊन बसली आणि बुटांपासून पुढे सुरू झाली.